उघडा कोड वाचतो कोण?

लिनक्स बसवा आणि व्हायरसची काळजी सोडा, हा सल्ला संगणकाच्या दुकानापासून कॉलेजच्या प्रयोगशाळेपर्यंत गेली वीस-पंचवीस वर्षे दिला जातो. सल्ला देणाऱ्यांचा हेतू चांगला असतो आणि त्यांच्या म्हणण्यात तथ्यही आहे. लिनक्सवर रोजचे काम ज्या खात्यातून चालते त्या खात्याला सगळ्या यंत्रणेत ढवळाढवळ करता येत नाही. तो अधिकार ‘रूट’ नावाच्या मुख्य खात्याकडे असतो आणि तो वापरायचा तर पुन्हा पासवर्ड द्यावा लागतो. नवे सॉफ्टवेअर डेबियन, उबुंटू, फेडोरा अशा वितरणांच्या अधिकृत भांडारातून येते आणि भांडाराची डिजिटल सही तपासूनच ते बसवले जाते. मेलमधून आलेली फाइल नुसत्या क्लिकने प्रोग्रॅम म्हणून चालू लागत नाही, आधी तिला तशी परवानगी द्यावी लागते. १९९६ मध्ये स्टाओग आणि १९९७ मध्ये ब्लिस असे लिनक्सचे पहिले व्हायरस आढळले खरे, पण त्यांना फार पसरता आले नाही. इथपर्यंत सगळे ठीक. अडचण पुढच्या निष्कर्षात आहे. लिनक्सचा कोड उघडा आहे, जगात कोणीही तो वाचू शकतो, म्हणून तो आपोआप सुरक्षित आहे, असे पुष्कळांनी धरून ठेवले आहे. गेल्या दोन दशकांतल्या घटना पाहिल्या तर हे टिकत नाही. कोड उघडा असल्यामुळे तो तपासण्याची सोय होते, एवढेच. सुरक्षितता येते ती कोणीतरी तो नेमाने वाचला, दोष सापडल्यावर दुरुस्त केला आणि ती दुरुस्ती वापरणाऱ्याच्या यंत्रापर्यंत पोहोचली, तर. ही तिन्ही कामे माणसांनी करायची आहेत, त्यांना वेळ लागतो, आणि बहुतेक ठिकाणी त्यांचे पैसे कोणी देत नाही.

घरातल्या आणि कार्यालयातल्या टेबलांवरच्या संगणकांत लिनक्सचा वाटा आजही पाच टक्क्यांच्या आसपास आहे. व्हायरस लिहिणाऱ्यांनी तिकडे फारसे लक्ष दिले नाही याचे हेही एक कारण. पण लिनक्सचे खरे राज्य दुसरीकडे आहे. नोव्हेंबर २०१७ पासून जगातल्या सर्वांत वेगवान ५०० महासंगणकांच्या यादीतले सगळेच्या सगळे लिनक्सवर चालतात. पुण्यात मुख्यालय असलेल्या सी-डॅकचे आजचे ‘परम’ महासंगणकही लिनक्सवरच चालतात. इंटरनेटवरचे बहुसंख्य सर्व्हर, घराघरांतले वायफाय राउटर, दुकानांतले सीसीटीव्ही रेकॉर्डर, स्मार्ट टीव्ही आणि प्रत्येक अँड्रॉइड फोन यांच्या पोटात लिनक्सचे कर्नल, म्हणजे प्रणालीचा गाभा, आहे. चोराला जे हवे ते इथेच असते: पासवर्डांच्या फाइली, ग्राहकांच्या याद्या, कार्डांचे तपशील आणि चोवीस तास चालू असणारी यंत्रे. म्हणून लिनक्सवरचे मालवेअर घरच्या संगणकावरच्या व्हायरससारखे पडद्यावर येऊन गोंधळ घालत नाही. ते गप्प राहते. ‘इबरी’ हे त्याचे ठळक उदाहरण. सर्व्हरवर दूरवरून प्रवेश देणाऱ्या एसएसएच या प्रोग्रॅममध्येच ते शिरते आणि येणाऱ्याजाणाऱ्याचे पासवर्ड उचलते. ईसेट या सुरक्षा कंपनीने २०२४ मध्ये दिलेल्या हिशेबानुसार २००९ पासून सुमारे चार लाख सर्व्हर इबरीच्या तावडीत सापडले होते आणि २०२३ च्या अखेरीसही त्यांतले एक लाखाहून अधिक सुटलेले नव्हते. त्या यादीत खुद्द लिनक्स कर्नल जिथून जगाला वाटले जाते त्या कर्नल डॉट ऑर्गचे सर्व्हरही होते. तिथला शिरकाव ऑगस्ट २०११ मध्ये उघडकीस आला.

यातला कळीचा प्रश्न असा, की हे हल्ले यशस्वी का होतात? जून २०१७ मध्ये दक्षिण कोरियातल्या नायाना या वेब होस्टिंग कंपनीवर इरेबस नावाचे खंडणीखोर मालवेअर आदळले. तिचे १५३ लिनक्स सर्व्हर कुलूपबंद झाले, सुमारे ३,४०० व्यवसायांची संकेतस्थळे ठप्प झाली आणि कंपनीने दहा लाख डॉलरच्या आसपास खंडणी भरली. नंतरच्या पाहणीत दिसले, की कंपनीचे संकेतस्थळ ज्या कर्नलवर चालत होते ते २००८ मध्ये बांधलेले होते, आणि त्यावरची अपाचे व पीएचपी ही सॉफ्टवेअर २००६ च्या काळातली होती. मधल्या दशकभरात शेकडो दोष दुरुस्त झाले, दुरुस्त्या फुकट उपलब्ध होत्या, त्या तिथे बसल्याच नाहीत. २०१६ चे मिराय प्रकरण तर याहून साधे. मिराय हा प्रोग्रॅम इंटरनेटवर कॅमेरे, रेकॉर्डर आणि राउटर शोधत फिरे आणि कारखान्यातून येताना दिलेली नावे-पासवर्ड एकामागून एक लावून पाही. त्याच्याकडे अशा साठेक जोड्यांची यादी होती. तेवढ्यावर लाखो यंत्रे त्याच्या हुकमतीत आली. २१ ऑक्टोबर २०१६ रोजी अशा यंत्रांनी संकेतस्थळांचे पत्ते शोधून देणाऱ्या डाइन या अमेरिकी कंपनीवर मागण्यांचा मारा केला आणि ट्विटर, नेटफ्लिक्ससारख्या सेवा काही तास अनेकांना उघडेनात. मिराय लिहिणाऱ्या तिघा तरुणांनी पुढच्या वर्षी न्यायालयात गुन्हा कबूल केला, पण त्याआधीच त्याचा कोड सर्वत्र पसरला होता आणि त्याच्या नव्या आवृत्त्या अजून फिरत आहेत. दोन्ही घटनांत लिनक्सच्या रचनेला बोल लावण्याजोगे फार थोडे आहे. यंत्र विकून मोकळे झालेल्या आणि यंत्र लावून विसरलेल्या माणसांचा हा परिणाम.

यावर मुक्तस्रोताचे, म्हणजे उघड्या कोडचे, समर्थक म्हणतील, की वापरणाऱ्याच्या आळसाचा दोष कोडवर का टाकता? कोड तर हजारो लोक पाहत असतात. हा युक्तिवाद मांडला तो एरिक रेमंड यांनी १९९७ च्या ‘द कॅथेड्रल अँड द बझार’ या निबंधात, आणि लिनक्सचे जनक लायनस टोरव्हाल्ड्स यांच्या नावावर तो नियम म्हणून रूढ झाला: पाहणारे डोळे पुरेसे असतील तर कोणताही दोष फार काळ लपत नाही. या विधानातला ‘पुरेसे असतील तर’ हा भाग बहुतेक जण विसरतात. सप्टेंबर २०१४ मध्ये बॅश या रोजच्या वापरातल्या प्रोग्रॅममध्ये सापडलेला ‘शेलशॉक’ हा दोष १९८९ पासून तिथे होता. लिनक्स वापरणारा जवळजवळ प्रत्येक जण बॅश वापरत होता आणि पाव शतकात तो कोणाच्या नजरेस आला नाही. डेबियनमध्ये २००६ साली ओपनएसएसएल या सांकेतिक सुरक्षेच्या सॉफ्टवेअरच्या कोडमधून दोन ओळी निरुपद्रवी समजून काढल्या गेल्या. परिणामी यंत्रे बनवत असलेल्या गुप्त किल्ल्या प्रत्येक प्रकारात फक्त ३२ हजारांच्या आसपास उरल्या. इतक्या किल्ल्या साधा संगणकही एकेक करून लावून पाहू शकतो. मे २००८ पर्यंत हा बदल सगळ्या जगासमोर उघडा होता. एप्रिल २०१४ मध्ये उघड झालेला ‘हार्टब्लीड’ हा तर बँकांपासून मेलपर्यंतच्या असंख्य सुरक्षित व्यवहारांच्या मुळाशी असलेल्या ओपनएसएसएलमधलाच दोष. त्यातून सर्व्हरच्या स्मृतीतले तुकडे, त्यात पासवर्ड आणि गुप्त किल्ल्यासुद्धा, बाहेरच्या माणसाला मागून घेता येत होते. तेव्हा जगाला कळले, की ज्या सॉफ्टवेअरवर अब्जावधींचे व्यवहार चालतात त्याला देणग्या मिळत होत्या वर्षाला जेमतेम दोन हजार डॉलरच्या, आणि पूर्ण वेळ काम करणारा माणूस होता एक. जगातल्या बड्या कंपन्या आयत्या पिठावर रेघोट्या ओढत होत्या आणि पीठ दळणाऱ्याकडे कोणी पाहिलेही नव्हते.

हे सगळे दोष अनवधानाने राहिले होते. कोणीतरी मुद्दाम, घाई न करता, उघड्यावर काम करून चोरदरवाजा बसवायचे ठरवले तर? २०२४ मध्ये नेमके हे घडले. मुक्तस्रोताच्या सुरक्षेबद्दल एकच प्रकरण समजून घ्यायचे असेल तर ते हेच घ्यावे. एक्सझेड युटिल्स हा फाइली दाबून लहान करणारा प्रोग्रॅम आहे. तो जवळजवळ प्रत्येक लिनक्स यंत्रावर असतो आणि जवळजवळ कोणालाच त्याचे नाव माहीत नसते. फिनलंडचे लासे कॉलिन हे गृहस्थ वर्षानुवर्षे एकट्याने, बिनपगारी, त्याची देखभाल करत होते. २०२१ च्या उत्तरार्धात जिया टॅन या नावाने कोणीतरी छोट्या छोट्या, खरोखर उपयोगी दुरुस्त्या पाठवू लागले. २०२२ मध्ये दुसऱ्याच काही नावांनी कॉलिन यांच्याकडे तक्रारी सुरू झाल्या: काम मंद आहे, लोक खोळंबले आहेत, दुसऱ्या कोणाला तरी अधिकार द्या. कॉलिन यांनी जाहीरपणे उत्तर दिले, की आपल्याला दीर्घकाळ मानसिक आरोग्याचा त्रास आहे आणि हे काम आपण हौसेखातर, मोबदल्याविना करतो. ते उत्तर आज वाचताना फार वाईट वाटते, कारण तक्रार करणारी ती नावे नंतर कधी कुठे दिसली नाहीत. एका थकलेल्या माणसावर दबाव आणण्यापुरतीच ती निर्माण केली गेली होती, असेच मानायला जागा आहे. कॉलिन यांनी हळूहळू जिया टॅनवर भरवसा टाकला आणि २०२३ मध्ये नव्या आवृत्त्या काढण्याचा अधिकारही त्याच्या हाती आला. या नावामागे एक माणूस होता, टोळी होती की एखाद्या देशाचे हेरखाते, हे आजवर बाहेर आलेले नाही.

२४ फेब्रुवारी २०२४ ला ५.६.० ही आवृत्ती निघाली, ९ मार्चला ५.६.१. दोन्हींत चोरदरवाजा होता. तो ज्या हुशारीने लपवला होता ती पाहण्यासारखी आहे. दाबलेल्या फाइली नीट उघडतात की नाही हे तपासायला अशा प्रकल्पांत मुद्दाम बिघडवलेल्या नमुना फाइली ठेवतात. त्या माणसाला वाचता येत नाहीत आणि वाचायची अपेक्षाही नसते. घातक भाग त्यांतच दडवला होता. तो बाहेर काढणाऱ्या ओळी सार्वजनिक कोडभांडारात नव्हत्याच. वितरणांनी वापरण्यासाठी जी बांधीव पेटी प्रसिद्ध होते, फक्त तिच्यात त्या घातल्या होत्या. म्हणजे लोक वाचत होते तो कोड एक, आणि यंत्रांवर जात होता तो दुसरा. एसएसएच बनवणारी मंडळी सुरक्षेबाबत अतिशय कडक म्हणून प्रसिद्ध आहेत आणि त्यांच्या मूळ प्रोग्रॅमचा एक्सझेडशी काही संबंध नाही. पण डेबियन आणि फेडोरा यांनी सोयीसाठी एसएसएचला, यंत्रावरच्या सेवा सांभाळणाऱ्या सिस्टमडी या प्रोग्रॅमची एक लायब्ररी जोडली होती, आणि त्या लायब्ररीला एक्सझेडची गरज होती. या आडवाटेने चोरदरवाजा थेट प्रवेशद्वारापर्यंत पोहोचला. ज्याच्याकडे ठरावीक गुप्त किल्ली आहे त्याला जगातल्या अशा कोणत्याही सर्व्हरवर हवी ती आज्ञा चालवता आली असती. याखेरीज संरक्षणाची एक दुसरी सोय बंद पाडण्यासाठी ती उपलब्ध आहे का हे तपासणाऱ्या कोडमध्ये एकच टिंब जास्तीचे घातले होते. ते टिंब असेपर्यंत तपासणी नेहमी अयशस्वी ठरे आणि यंत्रणा समजे की ही सोय इथे उपलब्ध नाही. २००३ साली कर्नलच्या एका प्रतीत असाच प्रयत्न झाला होता. तुलनेसाठी लागणाऱ्या दोन ‘बरोबर’ चिन्हांऐवजी एक लिहिले होते, आणि त्या एका चिन्हाने कोणालाही रूटचा अधिकार मिळाला असता. तेव्हाची चोरी मूळ प्रत आणि नक्कल यांचा मेळ न बसल्यामुळे लगेच पकडली गेली. २०२४ मध्ये मूळ प्रतीचा राखणदारच फितूर होता.

पकडले कसे? मायक्रोसॉफ्टमध्ये काम करणारे आंद्रेस फ्रॉइंड हे पोस्टग्रेस या मुक्तस्रोत डेटाबेसचे विकासक. डेटाबेसचा वेग बारकाईने मोजायचा म्हणून ते आपले यंत्र शक्य तितके शांत ठेवत होते. त्यात एसएसएचचे फसलेले प्रवेशसुद्धा प्रोसेसर फार वापरत आहेत आणि प्रवेशाला अर्धा सेकंद जास्त लागतो आहे, हे त्यांना खटकले. पूर्वी एका तपासणीत दिसलेल्या विचित्र सूचना आठवून त्यांनी धागा ओढला आणि २९ मार्च २०२४ ला सगळे प्रकरण जाहीर केले. तोवर ही आवृत्ती डेबियन आणि फेडोराच्या चाचणी शाखांत, ओपनसूसे टम्बलवीड आणि काली या वितरणांत पोहोचली होती, मात्र सर्व्हरवर प्रामुख्याने वापरल्या जाणाऱ्या स्थिर आवृत्त्यांत गेलेली नव्हती. उबुंटूच्या एप्रिलमधल्या आवृत्तीत ती जावी म्हणून जिया टॅनने विनंती करून ठेवलीच होती. आणखी काही महिने गेले असते तर लाखो सर्व्हरची किल्ली अनोळखी हातात असती.

या घटनेचे दोन उलट अर्थ लावले जातात. मुक्तस्रोताचे अभिमानी म्हणतात: पाहा, महिन्याभरात पकडले की नाही? कोड बंद असता तर फ्रॉइंड यांना खोलात शिरताच आले नसते. यातला दुसरा भाग शंभर टक्के खरा आहे. अर्ध्या सेकंदाचे कोडे त्यांना सोडवता आले ते प्रत्येक थर उघडून पाहता आला म्हणूनच, आणि कोणाची परवानगी न मागता. पण पहिल्या भागाने निश्चिंत होणे धोक्याचे आहे. कोड वाचण्याच्या ठरलेल्या कोणत्याही व्यवस्थेने हा चोरदरवाजा पकडला नाही. दुसरेच काम करणाऱ्या एका माणसाच्या चिकाटीने तो पकडला गेला. शिवाय एक गोष्ट लक्षात घ्या, फ्रॉइंड यांना मुक्तस्रोत सॉफ्टवेअरवर काम करण्याचा पगार मिळत होता, कॉलिन यांना नव्हता. ज्याच्याकडे वेळ होता त्याने पाहिले, ज्याच्याकडे नव्हता तो फसवला गेला. माझ्या मते या प्रकरणाचा गाभा इथे आहे. बारीक नजरेने पाहणे हे श्रमाचे काम आहे आणि जगाने ते फुकटच्या हौसेवर सोडून दिले आहे.

उलट बाजूचे लोक म्हणतात, की मग बंद कोडच बरा. निदान एक कंपनी जबाबदार असते, अनोळखी माणूस आत शिरू शकत नाही. हा आक्षेप गंभीरपणे घ्यायला हवा, कारण सरकारी खरेदीत तो पुन्हा पुन्हा मांडला जातो. पण पुरावा त्याला साथ देत नाही. सोलरविंड्स ही अमेरिकेतली कंपनी, तिचे ओरायन हे सॉफ्टवेअर बंद कोडचे. हल्लेखोर तिच्या बांधणीच्या यंत्रणेत शिरले आणि २०२० मध्ये सुमारे १८ हजार ग्राहकांनी कंपनीचीच सही असलेले अपडेट म्हणून चोरदरवाजा बसवून घेतला. अमेरिकेची सरकारी खातीही त्यांत होती. ती घुसखोरी अनेक महिने टिकली आणि ती शोधली फायरआय या दुसऱ्याच कंपनीने, आपल्याच घरात चोरी झाल्यावर. बंद कोडमध्ये बाहेरच्या माणसाला पाहण्याची सोय नसते आणि आतल्या माणसाने पाहिलेच असेल याची खात्री नसते. मुक्तस्रोतात पहिली उणीव नाही, दुसरी आहे. उणीव एक असेल तर ती भरून काढता येते, म्हणून माझा कौल अजूनही मुक्तस्रोताच्याच बाजूने आहे. फक्त तो भरवसा फुकट मिळतो असे कोणी समजू नये.

आपल्या देशात ही गोष्ट पुस्तकी राहिलेली नाही. केंद्र सरकारने २०१५ साली सरकारी कामात मुक्तस्रोत सॉफ्टवेअरला प्राधान्य देण्याचे धोरण जाहीर केले. त्याआधीपासून सी-डॅकने डेबियनवर आधारलेली ‘बॉस’ ही भारतीय लिनक्स प्रणाली तयार केली होती आणि ती सरकारी, संरक्षणविषयक कार्यालयांत वापरली जाते. वापर वाढला तसा शत्रूनेही अभ्यास वाढवला. जून २०२४ मध्ये व्होलेक्सिटी या कंपनीने ‘डिस्गोमोजी’ या मालवेअरचा अहवाल प्रसिद्ध केला. ते भारत सरकारच्या बॉस यंत्रांसाठीच बेतलेले होते, आणि वापरणारा गट पाकिस्तानातला असावा असा कंपनीचा कयास आहे. बळी पडणाऱ्या व्यक्तीला संरक्षण दलातल्या अधिकाऱ्यांच्या भविष्य निर्वाह निधीसंबंधीचा एक अर्ज दिसे, आणि मागे हे मालवेअर डिस्कॉर्ड या गप्पांच्या सेवेशी जोडले जाई. चालवणारा तिथे इमोजी टाकी: कॅमेऱ्याचे चित्र टाकले की पडद्याचे छायाचित्र पाठव, कोल्ह्याचे टाकले की फायरफॉक्समधली माहिती गोळा कर. यूएसबीवरून येणाऱ्या फाइलींची नक्कलही ते करून घेत होते. पण माझ्या दृष्टीने त्या अहवालातली सर्वांत महत्त्वाची ओळ इमोजीची नाही. या गटाने रूटचा अधिकार मिळवण्यासाठी ‘डर्टी पाइप’ हा दोष वापरला, आणि बॉसच्या नवव्या आवृत्तीवर तो तेव्हाही चालत होता. डर्टी पाइप जाहीर झाला मार्च २०२२ मध्ये, त्याची दुरुस्ती कर्नलच्या विकासकांनी त्याआधीच दिली होती. दोन वर्षे उलटली तरी ती दुरुस्ती आपल्या सरकारी यंत्रांपर्यंत पोहोचलेली नव्हती. स्वदेशी प्रणाली असणे अभिमानाचे आहेच, पण दुसऱ्याच्या कोडवर आपली प्रणाली उभारली, की त्या कोडमधली प्रत्येक दुरुस्ती वेळेत आपल्याकडे आणण्याची जबाबदारीही आपली होते. त्यासाठी कायमचे, पुरेसे, अनुभवी मनुष्यबळ लागते. एकदा प्रणाली तयार करून समारंभपूर्वक जाहीर केली की काम संपत नाही.

सामान्य वाचकाने यातून काय घ्यायचे? आधी आपल्या खिशातल्या लिनक्सकडे पाहू. लग्नपत्रिका, वाहतुकीचे चलन, शेतकरी योजनेचा हप्ता अशा नावांनी व्हॉट्सअ‍ॅपवर एपीके फाइली फिरतात. त्या बसवल्या, मागितलेल्या परवानग्या दिल्या, की ओटीपीचे संदेश थेट चोराकडे जातात आणि खाते रिकामे होते. इथे अँड्रॉइडच्या कर्नलमध्ये काही बिघाड नसतो. अधिकृत दुकानाबाहेरची वस्तू माणसाने स्वतःच्या हाताने आत घेतलेली असते. संगणकावरच्या लिनक्सचीही तीच तऱ्हा. आर्च लिनक्सच्या वापरकर्त्यांनी चालवलेल्या भांडारात जुलै २०२५ मध्ये फायरफॉक्ससारख्या ब्राउझरांची ‘सुधारित’ रूपे म्हणून ठेवलेल्या पॅकेजांत दूरनियंत्रणाचे मालवेअर निघाले. दोन दिवसांत ती काढली गेली, पण मधल्या वेळेत ज्यांनी बसवली त्यांना यंत्र तपासून घेणे भाग पडले. त्याच भांडारात २०१८ साली कोणी वाली न उरलेले एक पॅकेज अनोळखी माणसाने दत्तक घेऊन त्यात घातक ओळी घातल्या होत्या. आयत्या बिळात नागोबा शिरावा तसा हा प्रकार. फेब्रुवारी २०१६ मध्ये तर लिनक्स मिंटच्या अधिकृत संकेतस्थळावरचीच डाउनलोडची कडी बदलून हल्लेखोरांनी चोरदरवाजा असलेली प्रत वाटली. फाइलसोबत दिलेला तपासणी-आकडा किंवा सही ताडून पाहण्याची शिफारस विकासक करतात ती यासाठी, आणि हा आकडा डाउनलोडच्याच पानावर न पाहता वेगळ्या ठिकाणाहून घ्यावा, कारण पान बदलणारा आकडाही बदलू शकतो.

यावर शेवटचा आक्षेप असा येतो, की सामान्य माणूस कोड वाचू शकत नाही, मग त्याला हे सांगून काय उपयोग? तो कोड वाचू शकत नाही हे कबूल, आणि त्याच्याकडून ती अपेक्षाही नाही. त्याने अपडेट पुढे ढकलू नये, राउटर आणि कॅमेऱ्याचा कारखान्यातला पासवर्ड पहिल्याच दिवशी बदलावा, दुरुस्त्या मिळणे बंद झालेले यंत्र इंटरनेटवर ठेवू नये, सॉफ्टवेअर अधिकृत भांडारातूनच घ्यावे आणि फसवणूक झालीच तर वेळ न घालवता १९३० या राष्ट्रीय क्रमांकावर कळवावे. नायाना, मिराय आणि एपीकेची फसवणूक, तिन्हींना एवढ्याने आळा बसला असता. एक्सझेडला नसता बसला. तिथे वापरणाऱ्या संस्थांची जबाबदारी सुरू होते आणि ती टाळता येणारी नाही. जर्मनीत २०२२ पासून सरकारी पैशाने चालणारा सॉव्हरिन टेक फंड आहे. सगळ्यांच्या उपयोगाच्या मुक्तस्रोत प्रकल्पांच्या देखभालीला तो पैसे देतो, नोम या डेस्कटॉप प्रकल्पाला त्याने दहा लाख युरो दिले. युरोपीय संघाने २०२४ मध्ये केलेल्या कायद्याने डिजिटल उपकरणे विकणाऱ्यांवर सुरक्षा-दुरुस्त्या देत राहण्याचे बंधन येणार आहे. भारतातही हालचाल आहे. सीसीटीव्ही कॅमेऱ्यांच्या सुरक्षा चाचणीची सक्ती २०२४ मध्ये अधिसूचित झाली, आणि सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा यंत्रणेने त्याच वर्षी सॉफ्टवेअरमध्ये कोणकोणते घटक वापरले आहेत याची यादी ठेवण्याविषयी मार्गदर्शक सूचना काढल्या. ही यादी फार मोलाची आहे. एक्सझेडचे प्रकरण फुटले त्या रात्री जगभरच्या व्यवस्थापकांपुढे पहिला प्रश्न हाच होता, की आपल्याकडे ही आवृत्ती आहे का आणि कुठे आहे.

राज्य सरकार, महापालिका, सहकारी बँका आणि विद्यापीठे मुक्तस्रोत सॉफ्टवेअर वापरतात आणि परवान्याचे कोट्यवधी रुपये वाचवतात. त्यांना माझी विनंती आहे: वाचलेल्या पैशातला एक ठरावीक हिस्सा देखभालीसाठी बाजूला काढा. निविदा काढताना त्यात दोन अटी लिहा. पुरवलेल्या प्रणालीतल्या घटकांची यादी दिली पाहिजे, आणि दुरुस्ती जाहीर झाल्यापासून किती दिवसांत ती आमच्या यंत्रांवर बसेल याची लेखी मुदत दिली पाहिजे. आणि आपल्या अभियंत्यांना महिन्यातले काही दिवस त्या प्रकल्पांवर काम करण्यासाठी मोकळे ठेवा, जसा फ्रॉइंड यांना पोस्टग्रेससाठी पगारी वेळ होता. एक्सझेडमधला चोरदरवाजा काढून टाकणारी ५.६.२ ही आवृत्ती २९ मे २०२४ ला लासे कॉलिन यांनीच काढली.